गावपळणीला निघालेली शाळा

तारवडे बेटावर यंत्र उतरलं तेव्हा त्याच्या स्वागताला एकोणीस मुलं, एक बाई, दोन कुत्री आणि रमाकांत तांडेल एवढे हजर होते. बाकी गाव मासेमारीला गेला होता. यंत्र म्हणजे तरी काय, नारळाच्या झाडाच्या निम्म्या उंचीचा एक खांब आणि त्यावर वरखाली सरकणारी, फणसाएवढी पांढरी पेटी. शाळेत इंटरनेट आणणारं यंत्र ते हेच का, म्हणून मुलं जरा हिरमुसलीच.

सन दोन हजार एक्केचाळीस उजाडलं तरी तारवड्याला नेट नव्हतं. किनाऱ्यापासून पस्तीस किलोमीटर आत असलेलं हे बेट मोबाइलच्या टॉवरला दिसतच नाही, कारण मधे पृथ्वीचा फुगवटा येतो. उपग्रहाचं नेट एकशिक्षकी शाळेला परवडत नव्हतं. सरकारी कागदांत तारवड्याच्या नावापुढे तीस वर्षं 'लवकरच' एवढा एकच शब्द होता.

यंत्र घेऊन आलेली इंजिनिअर लवीना फर्नांडिस वेंगुर्ल्याची. पुण्याला शिकली, पण जीव गावातच ठेवून गेली होती. तिने मुलांना पुळणीवर बसवलं आणि रमाकांतच्या पोफळीच्या बागेकडे बोट दाखवलं.

"विहिरीचं पाणी त्या झाडांपर्यंत कसं जातं?"

"पन्हळीतून!" रमाकांतची नात शर्वी म्हणाली.

"हेही तसंच. समुद्रातून सतत वाफ उठत असते. त्यामुळे पाण्यालगतची हवा ओली आणि दहाबारा मीटर वर कोरडी. रेडिओची लहर ओल्या हवेत किंचित सावकाश चालते, कोरड्या हवेत किंचित जोरात. त्यामुळे वर निघालेली लहर खाली वळते, पाण्यावर आपटून पुन्हा वर जाते, पुन्हा वळते. अशी ती समुद्राला धरून धरून क्षितिजापलीकडे जाते. ही झाली हवेची पन्हळ. पाणी जितकं भराभर उडतं, तितकी पन्हळ खोल, म्हणजे तिचा वरचा काठ उंच. ओला वारा सुटला की ती उथळ होते. ही पेटी वाऱ्याचा, भरतीचा अंदाज घेत वरखाली सरकते आणि पन्हळीतच राहते. चाळीस दिवसांत ती इथला समुद्र शिकेल."

रमाकांतने हे सगळं मन लावून ऐकलं आणि नारळ फोडून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा गांगोबा म्हाराजा, आज ह्यां जा काय यंत्र तुझ्या जमनीर उबा रवला हा, तेका वाऱ्यावादळात सांभाळ, कावळ्यांक तेच्यार बसाक देव नको, आणि पोरांच्या डोक्यात दोन अक्षरां जास्त जांवदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मुलं ओरडली. दर रविवारी चर्चला जाणाऱ्या लवीनाचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता.

शिक्षण खात्याची अट मात्र गाऱ्हाण्याने सुटणारी नव्हती. यंत्र शिकून झालं की साठ दिवसांची परीक्षा. रोज, अगदी रविवारीसुद्धा, किमान दहा मुलांनी पडद्यासमोर बसायचं आणि दोन वर्गांमध्ये चोवीस तासांपेक्षा जास्त खंड पडू द्यायचा नाही. साठ दिवस पार पडले तर तारवड्याला आठवी ते दहावीचे वर्ग मंजूर, नाहीतर यंत्र यादीतल्या पुढच्या बेटाला जाणार. शाळेच्या अस्मिता बाईंनी ही अट फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली आणि फळा पुसताना तेवढा कोपरा वगळायला मुलांना बजावलं.

शर्वी सातवीत होती. आठवी मंजूर झाली नाही तर जूनमध्ये तिला मालवणच्या वसतिगृहात जावं लागणार होतं. तिचे आईबाप मंगळूरच्या मासळी कारखान्यात होते, वर्षातून दोनदा यायचे. आजी जाऊन चार वर्षं झाली होती. घरात आजोबा आणि नात दोघंच. रमाकांतची नजर कमी झाल्यापासून तरले माशांतले काटे शर्वीच काढून देई आणि काढताना त्याला बोलूनही घेई. पेजेत मीठ कमी की जास्त यावर दोघांचं रोज भांडण होई. त्या भांडणाशिवाय पेज घशाखाली कशी उतरेल, हा रमाकांतला पडलेला प्रश्न होता. तो त्याने कोणाला बोलून दाखवला नव्हता.

परीक्षा सुरू झाली आणि बेटाचं वेळापत्रकच बदललं. अकराला वर्ग म्हटल्यावर दहाच्या आतच आया मुलांना शाळेकडे पिटाळू लागल्या. पडद्यावर विज्ञान शिकवणाऱ्या कळंत्रे मॅडम होत्या कोल्हापूरच्या. त्यांच्या वर्गाला चाळीस शाळा जोडलेल्या असत. "आजूबाजूची एखादी गोष्ट निवडा, मोजा, आणि का घडते ते सांगा," असा प्रकल्प त्यांनी दिला. शेजारच्या भालू धुरीच्या मुलाने बापाच्या घोरण्याचे आवाज मोजायला घेतले. शर्वी काय मोजते आहे, हे तिने गुपित ठेवलं.

सत्तेचाळिसाव्या दिवशी गाव देवळात जमला. दर तीन वर्षांनी तारवड्याची गावपळण असते. तीन दिवस, तीन रात्री अख्खा गाव बेट सोडून समोरच्या कवडी नावाच्या खडकाळ टापूवर आणि होड्यांमध्ये राहायला जातो. गुरं, शेळ्या, कोंबड्या, मांजरं, सगळं सोबत. मागे चूल नाही, दिवा नाही, भिंतीवरच्या घड्याळाचासुद्धा सेल काढून ठेवायचा. तीन दिवस बेट देवाचं. कधी निघायचं ते मात्र देव ठरवतो. गांगोबाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे जासवंदीची एकेक ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कौल लावायचा मान तांडेलांचा. रमाकांतने अठ्ठावीस वर्षं तो चोख सांभाळला होता.

"देवा म्हाराजा, ह्याच आठवड्यात गावपळण करूची काय?" त्याने विचारलं. होय आलं, तर तीन दिवस शाळा बंद, म्हणजे परीक्षा बुडालीच. नाही आलं, तर पुन्हा विचारायचं ते पुढच्या अमावास्येला, आणि तोवर साठ दिवस पुरे होणार होते. तो पाकळ्या लावायला वाकला. उजव्या पाकळीच्या मागे त्याच्या अंगठ्यावरचा वडाचा चीक लागला होता. सकाळी झाडाला नख लावताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं होतं, आता मात्र एकदाही पाहिलं नाही. याचंच त्याला पुढे सगळ्यात वाईट वाटलं.

डावी पाकळी वीसेक मिनिटांत पडली. उजवी संध्याकाळपर्यंत जागची हलली नाही.

"देवान केदी घट्ट धरल्यान बघ!" भालू धुरी कौतुकाने म्हणाला. भालूचा स्वभाव असा, की शंका घ्यायची तिथे तो हात जोडायचा आणि हात जोडायचे तिथे शंका काढायचा.

शर्वीने घरी धावत येऊन आजोबांच्या गळ्यात हात टाकले. "आजो, वाचलंव आपण!" रमाकांत हसला. रात्री त्याला पेज गेली नाही, मीठ अगदी बेताचं असूनही.

पुढचे चार दिवस त्याचे वाईट गेले. गळ तुटला की वाटे, देवाने तोडला. कोंबडीने अंडं दिलं नाही, तेही आपल्याच खाती. गुडघा तर गेली सहा वर्षं दुखत होता, पण आता तो मुद्दाम दुखतो आहे असं त्याला वाटायला लागलं.

एकावन्नाव्या दिवशी दुपारी शर्वी वही घेऊन त्याच्यासमोर बसली.

"आजो, माझो प्रकल्प झालो. पण एक आकडो चुकता हा. तू बघ जरा."

तिने कौलच मोजायला घेतला होता. घरामागच्या काळ्या दगडावर चाळीस वेळा तिने पाकळ्या लावल्या होत्या, सकाळी, दुपारी, जमिनीकडच्या कोरड्या मतलई वाऱ्यात आणि समुद्राकडच्या खाऱ्या वाऱ्यात. पाकळी दगडाला पाण्याने धरून असते, पाणी उडालं की सुटते. वारा कोरडा असला तर बारा मिनिटांत, ओला असला तर जास्तीत जास्त एक्केचाळीस. चाळीसपैकी एकवीस वेळा उजवी आधी पडली, एकोणीस वेळा डावी.

"म्हंजे देव पाडीत नाय?" रमाकांतने हळूच विचारलं.

"सुकल्यार पडता, इतक्या माका कळला. आदी खयची सुकतली, तां नाय कळूक. तां देवाक ठावक." तिने पान उलटलं. "पण देवळातल्या कौलाचोय मी व्हिडिओ घेतललंय. थयली उजवी पाकळी पाच तास पडाक नाय. एवढां पाणी टिकताच कसां?"

रमाकांत तिच्या बोटाकडे बघत राहिला. बोटाला शाई लागली होती. या पोरीला नेट मिळावं म्हणून आपण खोटं बोललो, आणि नेटवर शिकलेल्या विद्येनेच तिने ते नेमकं हुडकून काढलं, याचा राग करावा की अभिमान धरावा, हे त्याला कळेना. अभिमानच वाटला. छातीत दुखेल इतका वाटला.

"पाणी नाय तां," तो म्हणाला. "चीक. मियां लावलंय."

शर्वीने खोडरबर उचललं. "मी ही ओळ काढून टाकतंय. चाळीस आकडे पुरे होतत. कोणाक कळाचा नाय."

"तुका कळला मा?"

"मी नाय सांगूची."

"म्हणान तर ओळ काढू नको," तो म्हणाला. "माका खोटा पचाक नाय, तुका कशाक शिकवू?" त्याने तिच्या हातातलं खोडरबर काढून घेतलं, वहीवर ठेवलं आणि देवळाकडे चालू लागला.

बावन्नाव्या दिवशी सकाळी त्याने भर देवळात, डोक्यावरची टोपी काढून, सगळं सांगितलं. का केलं तेही सांगितलं. पहिला उठला तो भालू.

"अठ्ठावीस वर्सांत एकदा खोटा बोललो हो. मी रोज बायलेकडे बोलतंय, माझी कोण सभा भरवीत नाय." लोक हसले तसा तो गंभीर झाला. "पण कौल परत लावूक व्हयो. आणि ह्या टायमाक पाकळ्यो मी लावतलंय."

भालूने लावल्या. शर्वीच्या वहीप्रमाणे त्या वाऱ्यात अठरा मिनिटं लागायला हवी होती. सतराव्या मिनिटाला उजवी पाकळी पडली. गावपळण परवा, चोपन्नाव्या दिवशी पहाटे.

अस्मिता बाईंनी त्या दुपारच्या वर्गानंतर लवीनाला पडद्यावर गाठलं. यंत्र चालू ठेवून जाता येणार नाही, त्याचा हिरवा दिवा जळतो.

"मग घेऊन चला ना," बाई म्हणाल्या.

"बाई, ते त्या जागेचा समुद्र शिकलंय. हलवलं तर आंधळं होईल. पेटी वरखाली करणारी मोटर होडीच्या बॅटरीवर चालायची नाही. मुळीच हलवू नका."

मागे उभा असलेला भालू पुढे आला. "तां शिकता, म्हंजे जितां असा. जित्याक मागे ठेवूचा नाय. आमी मांजरांक घेवन जातंव, ह्येका सोडू?"

पुण्यात लवीनाला हे शिकवलेलं नव्हतं.

त्रेपन्नाव्या दिवसाचा वर्ग एक वाजता संपला. म्हणजे दुसऱ्या दिवशी एकच्या आत पुढचा वर्ग सुरू व्हायला हवा होता. पहाटे गाव निघाला. गाद्या, टोपं, पाटे-वरवंटे, बुट्टीतून मान काढणाऱ्या कोंबड्या, आणि रमाकांतच्या होडीत गोधडीत गुंडाळलेली पांढरी पेटी. मागे बेटावर सगळी घड्याळं थांबली होती.

सूर्य वर आला तेव्हा होडी कवडीच्या कडेला नांगरून, पेटी डोलकाठीला दोरीने टांगून रमाकांत उभा होता. पूर्वी शीड ओढायचा तीच दोरी. शर्वी टॅबवर बघत होती. बेटावर असायची त्या उंचीवर पेटी धरली, काही नाही. आठ वाजले, नऊ वाजले. किनाऱ्यावर बायका चुली मांडता मांडता दर पाच मिनिटांनी विचारत, "गावला काय गो?" शर्वी मान हलवी.

साडेनऊला ती होडीतून उडी मारून खडकावर गेली, जासवंदीची पाकळी ओली करून दगडाला चिकटवली आणि समोर उकिडवी बसली. बारा मिनिटांत पाकळी पडली.

"आजो, मतलई वारो! पाणी बेगीन उडता. म्हंजे पन्हळ खोल असा. वर घे!"

रमाकांतने दोरी ओढली. हातभर, अजून हातभर. एकदम पार वर, काठीच्या टोकाशी पेटी गेली तेव्हा टॅबवर एक बारीक रेघ उमटली. गावाने असा ओरडा केला की दोन शेळ्या दावं तोडून पळाल्या. पण ती रेघ वर्गाला पुरेशी नव्हती, आणि अकराच्या सुमारास वारा फिरला तशी तीही गेली. समुद्राकडून ओला, खारा वारा सुटला. शर्वीने पुन्हा पाकळी लावली. वीस मिनिटं झाली, तीस झाली, पाकळी ढिम्म.

"आता उथळ झाली. खाली घे, सावकाश."

एकेक वीत खाली. बारा वाजले. सवाबारा. रमाकांतचे तळहात सोलले होते. भालू म्हणाला, माझ्याकडे दे. रमाकांत म्हणाला, नाही. पेटी जवळजवळ होडीच्या काठाला टेकायला आली, लाटेचे शिंतोडे तिच्यावर उडायला लागले, आणि बारा वाजून त्रेचाळीस मिनिटांनी टॅबवर कळंत्रे मॅडमचा चेहरा आला.

"तारवडे? अहो, आहात कुठे तुम्ही? मागे कोंबड्या कसल्या?"

साठ दिवस पुरे झाले, हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढचे दोन दिवसही रमाकांत ती दोरी धरून उभा राहिला आणि नंतर यंत्र जागेवर गेलं, दोन दिवस वर्गापुरतं रडतखडत चाललं आणि मग पुन्हा नीट चालू लागलं. जूनमध्ये आठवीच्या वर्गात सात मुलं बसली. पण सांगायचं आहे ते त्या दिवशीच्या वर्गाचं.

खडकावर एकोणीस मुलं टॅबच्या पडद्यासमोर बसली, त्यांच्यामागे अख्खा गाव. प्रकल्प सांगायची पाळी शर्वीची होती. तिने पाकळ्यांचा तक्ता दाखवला, ओला वारा, कोरडा वारा, मिनिटं, सगळं समजावलं. आत्ता थोड्या वेळापूर्वी याच तक्त्याने आम्ही पन्हळ शोधली, हेही सांगितलं.

"फार सुंदर," कळंत्रे मॅडम म्हणाल्या. "पण शर्वी, शेवटची ओळ बघ. पाच तास? बाकी कुठलाच आकडा चाळीसच्या फार वर नाही. हे मोजताना काहीतरी चूक झाली असेल, होय ना?"

शर्वीने होडीकडे पाहिलं. डोलकाठीखाली रमाकांत दोन्ही हातांनी दोरी धरून खाली मान घालून उभा होता.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "मोजमाप बरोबर आहे. त्या पाकळीला चीक लावला होता. माझ्या आजोबांनी लावला. मी बोर्डिंगात गेले असते तर त्यांना पेज गोड लागली नसती, म्हणून. दुसऱ्या दिवशी... नाही, पाचव्या दिवशी त्यांनी सगळ्यांना खरं सांगितलं. ओळ काढू नको, असंही त्यांनीच सांगितलं. मलासुद्धा पेज गोड लागली नसती, मॅडम. पण ते मी मोजलेलं नाही."

पडद्यावरचं चित्र एकदम गेलं.

"दोरी!" सगळा गाव एका आवाजात ओरडला. "रमाकांता, दोरी धर रे!"

रमाकांतने बाहीने डोळे पुसले, निसटलेली दोरी पकडली आणि गाव "वर! वर! नाय, खाली!" असं ओरडत असताना ती वीतभर ओढून धरली. पडद्यावर मॅडम परत दिसू लागल्या तेव्हा त्याही चष्मा काढून पुसत होत्या.